जन्मतारीख १ जून

विकिपीडियावर एखाद्या हयात माणसाच्या नव्या पानावर ‘जन्म : १ जून’ असं दिसलं की माझा हात थबकतो. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी माणसांचा जन्म कागदावर १ जूनलाच झालेला आहे. शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन यायचा. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप सांगायचा, मोठा पूर आला होता त्या साली, धान निसवलं होतं तेव्हा. मग गुरुजी वयाचा हिशेब जुळवून दाखलखारीज रजिस्टरात १ जून लिहून टाकायचे. माझ्या वडिलांची तारीख तीच, दोन काकांचीही तीच. ती विकिपीडियावर चढवायची का? शाळेच्या दाखल्यावर आहे, म्हणजे लेखी पुरावा आहे. पण ती खरी नाही हे त्या माणसाला माहीत असतं, आणि पान तो स्वतः वाचणार असतो.

हयात माणसाचं चरित्र ज्ञानकोशात घेताना पडणाऱ्या प्रश्नांतला हा सोपा प्रश्न. अवघड प्रश्न त्याच्या आधीचा आहे : या माणसाचं पान असावं का?

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मराठी विकिपीडियावर सात वर्षांपासून लिहिते. मी प्रचालक नाही, त्यामुळे पान काढून टाकायचा अधिकार मला नाही. मी संदर्भ शोधू शकते, साचा म्हणजे पानाच्या डोक्यावरची सूचनेची पट्टी लावू शकते, चर्चापानावर कारण लिहू शकते. रात्री जेवणं झाली की ‘अलीकडील बदल’ उघडते आणि त्या दिवशी कोणकोणत्या हयात माणसांची पानं नव्याने आली ते पाहते. हे काम मला कोणी दिलेलं नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या पानाचं जे झालं त्यातून ते माझ्याकडे आलं.

मराठी भाषा गौरव दिनाला, २७ फेब्रुवारीला, आमच्या कॉलेजात विकिपीडियाची कार्यशाळा झाली. आम्ही चाळीस जण आणि चालू संगणक अकरा. शिकवणाऱ्याने सांगितलं, मनाजवळचा विषय घ्या. मी मला बी.ए.ला मराठी शिकवलेल्या सरांचं पान लिहिलं. ‘विद्यार्थ्यांचे लाडके’, ‘झाडीबोलीचे (म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या बोलीचे) गाढे अभ्यासक’, ‘मनमिळाऊ’. संध्याकाळी सरांना फोन करून सांगितलंसुद्धा, सर, तुम्ही विकिपीडियावर आहात.

दुसऱ्या दिवशी पानाच्या डोक्यावर उल्लेखनीयतेची, म्हणजे पान असण्याजोगा हा माणूस आहे का याची, शंका घेणारा साचा होता. चर्चापानावर कोणा अनोळखी सदस्याने विचारलं होतं : ज्यांचा सरांशी परिचय नाही अशा कोणी सरांविषयी कुठे लिहिलं आहे का? मी निवृत्तीच्या वेळी काढलेल्या गौरवांकाचं नाव दिलं. त्यांनी विचारलं, प्रकाशक कोण? माजी विद्यार्थी. लेखक कोण? विद्यार्थी, सहकारी आणि सरांचे थोरले बंधू. मला राग आला. मी चार परिच्छेद लिहिले : तुम्ही पुण्यामुंबईत बसून आमच्या भागातल्या माणसाला मोजता वगैरे. त्यांचं उत्तर शांत होतं. ‘सर मोठे नाहीत असं मी म्हणत नाही. त्यांच्याविषयी आपण जे लिहिलं आहे ते तिसरा माणूस कुठे पडताळून पाहू शकेल, एवढंच विचारतो आहे.’ पुढे हे वाक्य थोड्या फरकाने मी स्वतः किती वेळा टंकलं असेल याचा हिशेब नाही.

नवव्या दिवशी पान काढलं गेलं. सरांना काय सांगावं कळेना. मी फोन केला, माफी मागितली. सर म्हणाले, “अगं, त्याचं काही नाही. माझं बोलीवरचं पुस्तक निघालं तेव्हा कोणी वाचून दोन ओळी लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकही परीक्षण आलं नाही बघ.” पान गेल्यापेक्षा मला ते जास्त लागलं. तीनशे पानांचं पुस्तक, वीस वर्षं गावोगाव फिरून जमवलेले शब्द, आणि त्यावर परक्या माणसाची एक ओळ नाही.

नियम म्हणाल तर लहान आहे. त्या माणसाची दखल भरीव घेतलेली हवी, घेणारा स्वतंत्र हवा आणि भरवशाचा हवा. ‘कार्यक्रमास अमुक अमुक उपस्थित होते’ ही भरीव दखल नव्हे. मुलाखतीत माणूस स्वतःविषयी सांगतो ते स्वतंत्र नव्हे. ग्रंथपाल असल्याचा इथे मला फायदा झाला, कारण वर्तमानपत्रं मी रोज हाताळते. एकच बातमी एकाच दिवशी तीन पेपरांत शब्द न् शब्द तीच असली तर ती कुणीतरी पाठवलेली प्रेसनोट असते. वाढदिवसाच्या पुरवणीतला लेख आणि त्याच पुरवणीतल्या जाहिराती एकाच हिशेबात आलेल्या असतात. बातमीखाली वार्ताहराचं नाव आहे का, छायाचित्र कोणी दिलंय, मजकुरात एखादी तरी अडचणीची गोष्ट आहे का, हे पाहायची सवय लागते. ज्या लेखात त्या माणसाला न आवडणारी एकही ओळ नाही तो लेख मी दोनदा वाचते.

हयात माणसांसाठी एवढी काळजी का, हे मला जॉन सिगेनथेलर यांची हकीकत वाचून पटलं. ते अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार, रॉबर्ट केनेडी यांचे एकेकाळचे सहायक. मे २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरच्या त्यांच्या पानात कोणीतरी लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा एके काळी संशय होता. निव्वळ थाप. ती चार महिन्यांहून अधिक काळ तिथेच राहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आपल्याच मित्राच्या खुनाचा संशयित म्हणून आपलं नाव वाचावं लागलं. त्यांनी नोव्हेंबरमध्ये ‘यूएसए टुडे’त त्याविषयी लिहिलं, आणि त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळं धोरण केलं. त्यातली एक गोष्ट मी कधी सोडत नाही : हयात माणसाविषयी वादग्रस्त मजकूर असेल आणि त्याला संदर्भ नसेल, तर चर्चेची वाट न पाहता तो आधी काढायचा. स्तुतीचा असो की निंदेचा.

हे पाळणं एकदा मला फार जड गेलं. आमदारकीला निवडून आलेल्या माणसाचं पान असतंच, कारण विधानसभेचा सदस्य हा आपोआप नोंदीचा विषय होतो. सरपंच होत नाही, जिल्हा परिषदेचा अध्यक्षही केवळ पदामुळे होत नाही. तर असं एक पान आहे. माणूस मला पटत नाही. निवडणुकीच्या हंगामात त्याच्या बाजूचे लोक पानावर येऊन ‘कार्यसम्राट’ लिहायचे आणि विरोधातले येऊन जमिनीच्या एका व्यवहाराचा आरोप लिहायचे. त्या आरोपावर माझा स्वतःचा विश्वास होता. आमच्या तालुक्यात तो सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण छापून कुठे आलेलं नव्हतं, तक्रार दाखल नव्हती, कोर्टात काही नव्हतं. मी तो मजकूर काढला. एका आठवड्यात अकरा वेळा काढला. कोणीतरी माझ्या चर्चापानावर विचारलं, किती मिळाले? त्या रात्री झोप लागली नाही. पण आज विचाराल तरी मी तेच करीन.

नव्या पानांतली बहुसंख्य मात्र अशा वादांपर्यंत पोचतच नाहीत. ‘युवा नेतृत्व’, ‘भावी नगरसेवक’, ‘प्रसिद्ध उद्योजक व समाजसेवक’; चौकात लावलेल्या फलकावरचा मजकूर तसाच उचललेला असतो आणि त्याखाली फोन नंबर. पान का हवं असतं तेही मला आता कळतं. गुगलवर नाव टाकलं की उजवीकडे चौकट येते, त्यात फोटो येतो. ती मिळवून देतो म्हणून पैसे घेणारे लोक आहेत. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसं उघड सांगावं, अशी अट विकिमीडियाच्या वापराच्या अटींत २०१४ पासून आहे. सांगणारा मला अजून भेटलेला नाही. या पानांवर मी फार वेळ घालवत नाही. साचा, कारण, पुढचं पान.

वेळ जातो तो खऱ्या माणसांवर.

एका निवृत्त शिक्षकांचं पान त्यांच्या नातवाने तयार केलं होतं. अकरा कवितासंग्रह, त्रेचाळीस पुरस्कार. मी शंका घेतली आणि चार दिवसांनी कॉलेजच्या फोनवर त्यांचाच फोन आला. माझ्या सदस्यपानावर मी कॉलेजचं नाव लिहिलेलं होतं, ते पाहून नातवाने नंबर शोधला होता. आवाज ऐंशीच्या घरातला. “ताई, माझी अकरा पुस्तकं आहेत,” ते म्हणाले. मी म्हटलं, सर, मला पंधरा दिवस द्या.

मी खरोखर शोधलं. संग्रह सगळे स्वखर्चाने काढलेले होते. यात कमीपणा काहीच नाही, मराठी कवितेची किती पुस्तकं कवीच्या खिशातून निघतात हे मला कपाटं लावताना दिसतं. पुरस्कारांपैकी बरेचसे प्रवेशिकेसोबत शुल्क मागणाऱ्या मंडळांचे होते. जुने दिवाळी अंक चाळले, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांच्या पुस्तिका पाहिल्या, नागपूरच्या एका ग्रंथालयातल्या ओळखीच्या बाईंना विचारलं. एका प्रातिनिधिक संग्रहात त्यांची एक कविता सापडली. विहिरीवरच्या रहाटाची कविता आहे, आणि ती चांगली आहे. संपादकाने तिच्यावर चार ओळींची टीप लिहिली होती. एवढंच.

मी फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग मी काय करायला पाहिजे होतं?” मी म्हटलं, परीक्षणासाठी पुस्तकं पाठवायची, नियतकालिकांकडे, समीक्षकांकडे. ते म्हणाले, “पाठवली होती ना. प्रत्येक वेळी पंधरा-वीस प्रती. पोचसुद्धा आली नाही.” मला उत्तर नव्हतं, आजही नाही. आपण ज्ञानकोशवाले म्हणतो, आधी जगाने दखल घेऊ द्या, मग आम्ही नोंदवू. दखल घेण्याचं काम ज्यांचं आहे त्यांनीच ते केलं नाही, तर त्याची किंमत या आजोबांनी का मोजावी? पण त्या टोकाला जाऊन मी त्यांचं पान ठेवलं असतं, तर उद्या फलकवाल्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

पान गेलं. महिन्याभराने टपालाने अकरा पुस्तकं आली, सोबत एका ओळीची चिठ्ठी : ‘आपल्या ग्रंथालयास सप्रेम भेट.’ मी त्यांना दाखल क्रमांक घातले, तालिकेत नोंद केली. रहाटाची कविता पाचव्या संग्रहात आहे. ते पुस्तक आतापर्यंत सहा वेळा बाहेर गेलंय.

याच्या उलट एक अनुभव आहे, जिथे बातम्या भरपूर होत्या आणि तरी पान नको होतं. कॉलेजातल्या एका मुलीला रस्त्यात कोणीतरी माईकपुढे प्रश्न विचारला, ती गडबडली, चुकीचं काहीतरी बोलली. तो तुकडा महाराष्ट्रभर फिरला. दुसऱ्या रात्री विकिपीडियावर तिचं पान : पूर्ण नाव, गाव, कॉलेज, वर्ग, आणि ती काय बोलली ते. तासाभरात आणखी दोघांनी त्यात भर घातली, एकाने वडिलांचा व्यवसाय लिहिला. मी मजकूर पुसला, साचा लावला, प्रचालकांना निरोप टाकला आणि पडद्यासमोर बसून राहिले. चाळीस मिनिटांनी पान काढलं गेलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं, नावातली पहिली वेलांटी दुसरी करून. तेही काढलं तर आडनावातलं जोडाक्षर बदलून आलं. देवनागरीत एक नाव किती प्रकारे लिहिता येतं हे मी त्या आठवड्यात शिकले. शेवटी प्रचालकांनी ती सगळी शीर्षकं बंद केली आणि जुन्या आवृत्त्याही लपवल्या.

तेव्हा एकाने चर्चेत वाद घातला : तुम्हीच म्हणता संदर्भ हवेत. इथे पन्नास बातम्या आहेत. मग? प्रश्न खोटा नव्हता. एकाच घटनेपुरत्या प्रकाशात आलेल्या माणसाचं चरित्र लिहू नये असा संकेत आहे, तो मी सांगितला. पण मनात होतं ते वेगळं. त्या मुलीचं लग्न व्हायचं होतं, नोकरी लागायची होती. तिच्या नावावर आयुष्यभर पहिलं हेच पान आलं असतं. इतकी वर्षं मी संदर्भ मोजत होते. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की संदर्भ ही पहिली पायरी आहे, आणि तिच्या पुढे विचार करायचा असतो.

जातीचंही तसंच. पानावर येऊन माणसाची जात लिहून जाणारे रोज असतात. काही हिणवायला लिहितात, बरेचसे अभिमानाने लिहितात, ‘आपला माणूस’ म्हणून. इंग्रजी विकिपीडियावरचा दंडक मला योग्य वाटतो : हयात माणसाने स्वतः सांगितली असेल आणि त्याच्या कामाशी तिचा संबंध असेल तरच ती लिहायची. दलित साहित्यिकाच्या आत्मकथनाविषयी लिहिताना ती टाळणं खोटेपणा होईल. क्रिकेटपटूच्या पानावर तिचं काय काम?

आणखी एक गोष्ट मी रोज पाहते, ती फार बारीक आहे. कोणीतरी येतं आणि एकच शब्द बदलतं, ‘आहेत’चं ‘होते’. व्हॉट्सॲपवर श्रद्धांजलीचा निरोप फिरतो, आणि ज्येष्ठ अभिनेत्री किंवा गायक आमच्या पानावर मरण पावतात. मी त्यांच्या नावाने बातम्या शोधते, मिळाली नाही की ‘आहेत’ परत लिहिते. एकदा तर मी ‘आहेत’ करून पाणी प्यायला उठले आणि परत आले तेवढ्यात बातमी आली होती. तो शब्द पुन्हा बदलताना हात थरथरला.

आता नसलेल्या पानांविषयी.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी डोना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मारी क्युरी आणि मारिया ग्योपर्ट-मायर यांच्यानंतरची ही तिसरीच स्त्री, तीही पंचावन्न वर्षांनी. त्या दिवशी सकाळी इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पान नव्हतं. मे महिन्यात कोणीतरी मसुदा दिला होता, तो परत गेला होता. कारण दिलं होतं की संदर्भांवरून उल्लेखनीयता दिसत नाही. सहविजेते जेरार मुरू यांचं पान मात्र आधीपासून होतं. हे वाचलं तेव्हा मी स्वतः परत पाठवलेल्या पानांची यादी काढून बसले. त्या मसुद्यात नियम मोडला असं तपासणाऱ्याला म्हणता येणार नाही. ज्यांनी त्यांच्याविषयी आधी लिहायचं ते गप्प होते. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत स्त्रियांची चरित्रं दहा वर्षांपूर्वी पंधरा टक्क्यांच्या आसपास होती, आता विसाच्या आसपास आहेत, आणि एवढी वाढही अनेकांनी ठरवून, बसून, शोधून लिहिल्यामुळे झाली. आपल्याकडे मार्चमध्ये महिलांवरच्या लेखांची शिबिरं होतात ती मी चुकवत नाही.

माझ्या अंगणातलं उदाहरण झाडीपट्टीचं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात. गावात मंडई म्हणजे जत्रा भरते, कुठे दंडार म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य होतं, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असते, आणि रात्री शेतात उभारलेल्या शामियान्यात नाटक. ते पहाटेपर्यंत चालतं. वैनगंगेच्या पलीकडे वडसा हे या धंद्याचं केंद्र, तिथे नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, गावकरी तिथे येऊन नाटक ठरवतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा राज्याला हे नाव कळलं. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं. मी स्वतःला विचारलं : २०२२ मध्ये त्यांचं पान माझ्यासमोर आलं असतं तर मी काय केलं असतं? प्रयोग तेवढेच झालेले होते. भूमिका त्याच होत्या. संदर्भ मागून मी साचा लावला असता अशी मला भीती वाटते.

म्हणून मी एका बाईंकडे गेले. नाव लिहीत नाही. सत्तरीच्या आहेत, नदीपलीकडच्या गावात भाचीकडे राहतात. लहानपणी आईबरोबर नाटकात शिरल्या, नंतर नायिका, मग आई, मग सासू. आमच्या भागात पन्नाशीपुढच्या कोणालाही विचारा, त्यांचा आवाज ओळखतील. मी वही घेऊन गेले. त्या म्हणाल्या, “माह्यावर कायले लिहता मॅडम? माह्या संगं कितीतरी बाया होत्या.”

त्यांनी लोखंडी पेटी उघडली. आत नाटकांची पत्रकं, गुलाबी आणि पिवळ्या कागदावरची. काही ठिकाणी नाव ‘कु.’ लावून, पुढे दुसरंच नाव, मंडळीच्या मालकाने ठेवलेलं. काही ठिकाणी ‘सौ.’, आडनाव कुठेच नाही. ही सगळी एकच बाई आहे हे सांगणारी जगात एकच व्यक्ती, ती स्वतः. शाली, सन्मानपत्रं. वर्तमानपत्राची कात्रणं तीन, तिन्हींत ‘आज रात्री’ एवढीच सूचना. प्रयोगाचं परीक्षण कोणी लिहीतच नव्हतं. जाहिरात जीपवरच्या भोंग्याने व्हायची. लिहिलं असतं तरी सापडलं असतं का? वर्तमानपत्रांच्या जिल्ह्याच्या पानांच्या जुन्या फायली मला कुठे मिळाल्या नाहीत. आमच्या ग्रंथालयात पेपर तीन महिने ठेवतो आणि रद्दीत देतो. रद्दीच्या पावत्यांवर सही माझी आहे.

मी चार वेळा गेले. वही भरली. पण मी स्वतः जाऊन विचारलेलं विकिपीडियावर चालत नाही, ते आधी बाहेर कुठे प्रसिद्ध व्हावं लागतं. शिवाय बोलण्याच्या भरात त्यांनी पहिल्या नवऱ्याविषयी सांगितलं आणि माझा हात धरून म्हणाल्या, “हे नको लिहू पोरी.” ते पान मी वहीतून फाडून त्यांच्याच चुलीत टाकलं.

छापील आधार होते त्यांवर मी झाडीपट्टी रंगभूमीच्या लेखात स्त्री कलाकारांविषयी एक परिच्छेद घातला आणि थांबले. मराठी विभागातल्या एका सहकाऱ्याला पेटीविषयी सांगितलं. आपल्याला हवा तो संदर्भ आपणच घडवून आणतोय का, या विचाराने मी अस्वस्थ होते, म्हणून विकिपीडियाचं नावही काढलं नाही. तो गेला आणि रमला. त्याने घेतलेली बाईंची दीर्घ मुलाखत एका दिवाळी अंकात आली. तीत बाईच बोलत होत्या, त्यामुळे तिचं वजन अर्धंच. मग दोन वर्षांनी, माझा काहीही संबंध नसताना, एका संशोधक मुलीच्या प्रबंधाचं पुस्तक निघालं. त्यात त्यांच्यावर आठ पानं होती. तिने मंडळ्यांच्या हिशेबवह्या पाहिल्या होत्या, सोबतच्या नटांना भेटली होती, एका भूमिकेबद्दल तिने नापसंतीही लिहिली होती. ती नापसंती वाचून मला फार बरं वाटलं.

तोवर मी त्यांच्या घरची झाले होते, म्हणून पान लिहायला मी योग्य नव्हते. चर्चापानावर तसं लिहिलं : माझा निकट परिचय आहे, मी पान तयार करणार नाही, हे दोन संदर्भ आहेत, कोणाला योग्य वाटलं तर पाहावं. सात आठवडे कोणी फिरकलं नाही. मग अमेरिकेतून लिहिणाऱ्या एका सदस्याने, ज्यांना मी कधी भेटलेले नाही, दोन्ही वाचून नऊ ओळींचं पान केलं. ‘ही’ लिहायचं की ‘ह्या’ यावर आमची थोडी चर्चा झाली. आपल्याकडे खेळाडूला सर्रास ‘हा’ लिहितात आणि कवीला ‘हे’. नाटकात काम करणारीला ‘ही’ का? ‘ह्या’ राहिलं.

मी मोबाइल घेऊन नदीपलीकडे गेले आणि नऊ ओळी वाचून दाखवल्या. नवऱ्याचा उल्लेख नाही याची त्यांनी आधी खात्री करून घेतली. नापसंतीची ओळ आली तेव्हा म्हणाल्या, “बराबर लिहलं. तो रोल मले जमलाच नव्हता.” मग भाचीने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, जन्म लिहिलंय त्याच्यापुढे रिकामं काहून? मी सांगितलं की दिवाळी अंकात १ जून आहे, पुस्तकात दोन वर्षांनी पुढचं साल आहे, मेळ बसत नाही म्हणून सोडलंय.

“१ जून त मास्तरानं लिहली,” त्या म्हणाल्या. “माय म्हणे, दंडारी चालू होत्या तेव्हा झाली मी.”

हे कुठे छापून आलेलं नाही. चौकट अजून रिकामी आहे.